बीडच्या उन्हाचं घड्याळ, ऊसतोडीच्या हाताची मूठ

बीडमध्ये मोबाइलवर दुपारचे बारा वाजतात, तेव्हा सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. त्याला सरासरी आणखी २७ मिनिटं लागतात. आपली प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून. बीड त्या रेषेच्या पावणेसात अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. पावणेसात चोक सत्तावीस! हा आकडाही वर्षभर एकच राहत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बीडचा खरा मध्यान्ह १२ वाजून ११ मिनिटांच्या आसपास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४१ मिनिटांच्या. आणि जिल्ह्याच्या आतसुद्धा फरक आहेच. परळीच्या डोक्यावर सूर्य आष्टीपेक्षा पाच मिनिटांहून जरा जास्तच आधी येतो.

आता या माहितीचा उपयोग काय, तर एक झकास वस्तू. २०१५ साली मोजोप्टिक्स या नावानं काम करणाऱ्या एका हौशी कारागिरानं थ्रीडी प्रिंटरवर तयार होणारं एक सूर्यघड्याळ इंटरनेटवर मोफत ठेवलं. साध्या सूर्यघड्याळात सावलीची रेघ पडते आणि ती कुठल्या खुणेवर आली ते आपण बघतो. या घड्याळात सावलीत चक्क आकडे उमटतात. १०:२०, मग १०:४०, मग ११:००. सकाळी दहा ते दुपारी चार, दर वीस मिनिटांनी. आत सेल नाही, चिप नाही, हलणारा काटासुद्धा नाही. आडव्या दांड्याच्या पोटात शेकडो बारीक फटी अशा कोनांत कोरल्या आहेत की त्या त्या वेळच्या उन्हाला त्या त्या आकड्यापुरतीच वाट मिळते.

पण दुसऱ्या गावासाठी लावलेलं घड्याळ बीडला तसंच ठेवून चालत नाही. त्याचा कणा ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो आणि त्याची तिरकस मांडणी त्या गावाच्या अक्षांशाएवढी लागते. जयपूरला २७ अंश, लंडनला साडेएक्कावन्न, बीडला १९. शिवाय ते पावणेसात अंश कण्याभोवती फिरवून घेतलं, की सावली थेट आपल्या मनगटी घड्याळाच्या जवळपासची वेळ सांगू लागते. दोन आकडे बदलले की घड्याळ बीडचं झालं. परळीसाठी दुसऱ्या आकड्यात पाऊण अंशाचा फेर करायचा, बस.

जाता जाता एक गोष्ट. भास्कराचार्यांचं गाव विज्जडवीड म्हणजेच बीड, असं काही अभ्यासक मानतात. काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. वाद मोठा आहे, तो इथे नको. पण ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त त्यांनी वेळ काढण्यासाठी फलकयंत्र सांगितलं आहे, आणि त्यातही सारं काम सूर्य आणि आकारच करतात.

हुशारी आकारात

आजकाल 'स्मार्ट' म्हटलं की वस्तूत बॅटरी, सेन्सर आणि ॲप आलंच असं आपण धरून चालतो. या लेखातल्या वस्तू तशा नाहीत. त्यांना वीज लागते ती फक्त जन्माच्या वेळी, प्रिंटर किंवा लेझर कटर चालवायला. त्यानंतर आयुष्यभर चार्जिंग नाही, अपडेट नाही. ज्या घरात संध्याकाळी लाइट जाते, ज्या कुटुंबाचा सहा महिने मुक्काम उसाच्या फडाशेजारच्या पालात असतो, तिथे हा गुण फार मोलाचा आहे.

डिजिटल असते ती फाइल. ओपनस्कॅड नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात वस्तूचं चित्र काढायचं नसतं, वस्तू लिहायची असते: लांबी १२०, व्यास ३४, कडेची जाडी ३. उद्या दुसऱ्या माणसासाठी व्यास ३८ हवा असला, तर एवढा एक आकडा खोडायचा. उरलेली वस्तू आपोआप त्याप्रमाणे बदलते. शिंपी ब्लाउज शिवताना आत दाब ठेवतो, पुढे उसवून सैल करता यावा म्हणून. या फाइलींमध्ये तो दाब आकड्यांच्या रूपात ठेवलेला असतो. २०१३ मध्ये थिंगिव्हर्स या मोफत नमुन्यांच्या संकेतस्थळानं तर पट्टी सरकवून माप बदलायची सोय दिली. कोड येत नसला तरी चालतं.

पहिली लॅब पाबळला

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'जवळपास काहीही कसं बनवावं'. त्यातून फॅब लॅबची कल्पना निघाली: थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सीएनसी यंत्र अशी अवजारं एका खोलीत ठेवायची आणि गावातल्या कुणालाही वापरू द्यायची. आज जगभरात अशा दोन हजारांहून अधिक लॅब आहेत. अमेरिकेबाहेरची पहिली कुठे निघाली? बोस्टनहून विमान निघालं ते लंडनला किंवा टोकियोला नाही, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आलं. साल २००२.

पाबळ म्हणजे शिरूर तालुक्यातलं अवर्षणग्रस्त गाव. मस्तानीची समाधी आहे तेच. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम उभा केला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हे शास्त्रज्ञ सपत्नीक कोरडवाहू गावात राहायला आले. शाळेत नापास झालेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती, वीजजोडणी हातानं करत शिकवायला घेतली. शिकायचं ते करता करता, आणि करायचं ते गावाच्या उपयोगाचं, हा त्यांचा आग्रह होता. जीपचे सुटे भाग वापरून केलेला छोटा ट्रॅक्टर आणि त्रिकोणांनी उभा राहणारा पाबळ डोम ही तिथली प्रसिद्ध कामं. गर्शनफेल्ड यांनी आपल्या २००५ च्या पुस्तकात पाबळबद्दल मनापासून लिहिलं आहे. कलबाग २००३ मध्ये गेले, पण लॅब चालू आहे.

मला यात सगळ्यात भावतं ते हे की जगाच्या या चळवळीचं परदेशातलं पहिलं पाऊल पडलं ते दुष्काळी महाराष्ट्रात. पाबळचा माळ आणि पाटोद्याचा माळ यांत फार फरक नाही. तिथे जमलं ते इथेही जमेल.

बांगडीला माप आहे, कोयत्याला नाही

घरातल्या बाईला विचारा, तुझ्या बांगडीचं माप काय? ती क्षणात सांगेल: दोन-चार. किंवा दोन-सहा. हा आकडा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळावे भाग. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, आतला व्यास ५७ मिलिमीटर. दोन-सहा ६० मिलिमीटर, दोन-आठ साडेत्रेसष्ट. दोन मापांमध्ये फरक तीनच मिलिमीटरचा, तरी तेवढ्यानं बांगडी चढत नाही किंवा हातातून निसटते. कासार तर हात नुसता दाबून माप सांगतो. म्हणजे हातासाठी मिलिमीटरची कदर करणारी संस्कृती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आता त्याच हातात कोयता द्या.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसं दोन, हात चार, आणि चारही हातांची मापं वेगळी. पण बाजारात कोयता घ्यायला गेलं तर मुठीला दोन-चार, दोन-सहा असं काही नसतं. मिळेल ती मूठ धरायची, जमिनीलगत वाकून घाव घालायचा, दिवसभर. मूठ जाड असली तर बोटं पुरती वळत नाहीत आणि पकड राखायला जास्त जोर लावावा लागतो. बारीक असली तर ती तळहातात फिरते आणि फोड येतात.

अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं, नायोशनं, २००४ साली हातअवजारं निवडण्याची एक सोपी पुस्तिका काढली. जोर लावायच्या अवजाराच्या मुठीचा व्यास त्यात सव्वा ते दोन इंच सांगितला आहे, म्हणजे साधारण ३२ ते ५१ मिलिमीटर. लांबी किमान चार इंच, शक्यतो पाच-सहा. कारण मूठ आखूड असली तर तिचं टोक तळहाताच्या मध्यभागी रुततं, आणि नेमक्या तिथूनच नसा आणि रक्तवाहिन्या जातात. आता ३२ आणि ५१ यांच्यात एकोणीस मिलिमीटरचं अंतर आहे. बांगडीच्या हिशेबानं सहा मापं बसतील एवढं!

रस्त्याकडेला पाल ठोकून भाता पेटवणारा घिसाडी हे काम हातानं करत आलाच आहे. विळा, खुरपं, कुऱ्हाड गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे घडवणं, पुन्हा धार पाजवून देणं. त्याचं लोखंड प्रिंटरला जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. प्रिंटरनं करायचं ते मुठीवर चढणारं कव्हर. टीपीयू नावाचं रबरासारखं लवचिक प्लास्टिक असतं, त्याची दहा ते सोळा सेंटिमीटर घेराची, तळव्याच्या उंचवट्यांप्रमाणे वळवलेली नळी. आत कोयत्याचा जुनाच दांडा. घाव दांडा सोसेल, पकड कव्हर देईल.

अशी वाटणी करायला एक ठोस कारण आहे. थ्रीडी प्रिंटर वस्तू थरावर थर चढवून बनवतो. थराच्या आत ती बळकट असते, पण दोन थरांच्या जोडावर कमजोर. सबंध मूठ उभी छापून तिच्यावर घाव घेतले, तर एक दिवस ती थरांच्या रेषेवर तुटेल, आणि सुटलेलं पातं कुणाच्या तरी पायावर जाईल. म्हणून भार लोखंड-लाकडावर ठेवायचा आणि माप प्लास्टिककडून घ्यायचं. लहान प्रिंटर आता वीस-पंचवीस हजारांत मिळतो. साध्या प्लास्टिकच्या तारेचा किलो साधारण हजार रुपये, टीपीयू त्याहून थोडं महाग. एका कव्हरला त्यातलं थोडंच लागतं.

माझं स्पष्ट मत आहे: बीडमध्ये या यंत्रावर पहिली वस्तू कुठली निघावी, तर ऊसतोड बाईच्या हाताच्या मापाची मूठ. मोबाइलचं स्टँड नंतर.

प्लास्टिक, उसापासून

प्रिंटरमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जातं ते पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड. ते खनिज तेलापासून बनत नाही, साखरेपासून बनतं. मका किंवा उसाची साखर आंबवायची, तिचं लॅक्टिक आम्ल करायचं आणि त्या आम्लाच्या कणांच्या लांब साखळ्या जोडायच्या. दह्याला आंबटपणा देणारं आम्ल तेच. थायलंडमध्ये उसापासून पीएलए बनवणारा मोठा कारखाना चालू आहे. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सनं कुंभी इथे मोठा पीएलए प्रकल्प हाती घेतला. आणि आपल्या महाराष्ट्रात, खंडोबाच्या जेजुरीत, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये जैवप्लास्टिकचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं. लॅक्टिक आम्लापासून पीएलएपर्यंतची प्रक्रिया तिथे करून दाखवतात.

म्हणजे बीडच्या माणसानं तोडलेल्या उसाचं बारीक रूप पुन्हा त्याच्या घरी येऊ शकतं: कपाटाची खुंटी, चष्म्याची दांडी किंवा कुलपाच्या किल्लीला लावायचं रुंद पान, संधिवातानं बोटं आखडलेल्या आजीला किल्ली फिरवता यावी म्हणून.

एक सावधगिरी. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बीडला पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान साठच्या पुढे सहज जातं. पीएलएची वस्तू तिथे ठेवली तर संध्याकाळपर्यंत वाकलेली मिळेल. उन्हातल्या वस्तूंसाठी पीईटीजी नावाचं प्लास्टिक घ्यावं, ते सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरतं. पत्र्याच्या छपराखालच्या घरांनाही हाच नियम.

कडीकोयंडा, एकाच तुकड्यात

जर्मनीत पॉट्सडामच्या हासो प्लॅटनर संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाराची कडी एकाच तुकड्यात छापली. हँडल, कडी, स्प्रिंग सगळं एकसंध. बिजागरी नाही, खिळा नाही, तेल घालायची गरज नाही. आत चौकोनी पोकळ कप्प्यांची जाळी आहे. काही कप्पे घट्ट, काही तिरके होऊ शकणारे. हँडल दाबलं की नेमके ठरावीक कप्पे कलतात आणि कडी आत सरकते. पदार्थ तोच, जाळी कुठे ताठ ठेवायची आणि कुठे ढिली, एवढ्यावर यंत्र तयार झालं.

पुढच्याच वर्षी त्याच गटानं आकड्यांचं कुलूप केलं, तेही विजेशिवाय. प्लास्टिकच्या ताणलेल्या पट्ट्या एका बाजूला असल्या तर शून्य, दुसऱ्या बाजूला असल्या तर एक. बरोबर जुळणी दाबली, तर पट्ट्या एकामागून एक पलटत धक्का पुढे नेतात आणि दार उघडतं. चुकली तर धक्का मध्येच अडतो.

शून्य आणि एक म्हटलं की संगणक डोळ्यांपुढे येतो. पण सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रणेनं विणतात, तिचा मूळ शोध १८०४ चा. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डनं पुठ्ठ्यांना भोकं पाडली. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. पुठ्ठे बदलले की मोराच्या जागी कमळ. घराघरांत विजेचा दिवा यायला अजून पाऊण शतकाहून जास्त काळ होता.

हाताचा पंजा, मनगटाच्या जोरावर

मळणी यंत्र, कडबा कुट्टी, रसवंतीचा चरक. मराठवाड्यातल्या खेड्यांत बोटं जातात ती बहुतेक अशा ठिकाणी. विजेवर चालणारा कृत्रिम हात लाखांच्या घरात जातो, शिवाय तो भिजवायचा नाही, त्याला धूळ लागू द्यायची नाही. शेतात त्याचा उपयोग किती?

दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड व्हॅन आस या सुताराची बोटं २०११ मध्ये करवतीखाली गेली. त्यानं अमेरिकेत वेशभूषेसाठी भलामोठा यांत्रिक पंजा बनवणाऱ्या आयव्हन ओवेनला गाठलं. दोघांनी दोन खंडांत बसून एक हात जुळवला: मनगट खाली वाकवलं की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात, मनगट सरळ केलं की रबरानं उघडतात. आधार त्यांना सापडला १८४० च्या दशकातला. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये एका दंतवैद्यानं एका सैनिकासाठी व्हेलच्या हाडापासून, दोऱ्या-कप्प्यांचा असाच हात केला होता. २०१३ च्या सुरुवातीला दोघांनी आपल्या हाताची फाइल सगळ्यांसाठी खुली केली. त्यातून ई-नेबल नावाचं स्वयंसेवकांचं जाळं वाढलं. ते आपापल्या घरच्या प्रिंटरवर असे हात छापून देतात.

लेकराच्या बाबतीत याचा खरा फायदा आहे. लेकरू वाढतं, हात लहान पडतो. महागडा कृत्रिम हात दरवर्षी कोण बदलणार? इथे फाइल १०५ टक्क्यांवर छापायची, पुढच्या वर्षी ११२ वर. रंगही लेकरानंच निवडायचा. या हातानं बारीक काम होत नाही, मनगट शाबूत असावं लागतं, आणि जड ओझं उचलणं त्याच्यानं होत नाही. पण सायकलचं हँडल धरता येतं, पाण्याचा तांब्या उचलता येतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी एक प्रिंटर, एक मोजपट्टी आणि हातांचे व्यायाम शिकवणारा तज्ज्ञ एकत्र बसले, तर धारूर-केजच्या माणसाला मापासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागणार नाही.

कुसळाची अक्कल

बालाघाटच्या माळावरून चालून आलं की धोतराला, पायजम्याला, सॉक्सला कुसळं रुततात. उपटून टाकण्याआधी एक कुसळ हातात घ्या आणि त्याच्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाका. पिळलेली शेपटी हळूहळू उलगडायला लागते, वळवळते. वाळली की पुन्हा पिळा पडतो. शेपटीच्या दोन बाजू ओल सारख्या प्रमाणात शोषत नाहीत, म्हणून ती वळते. दिवसा ऊन, रात्री दव; असं चार-आठ दिवस झालं की टोकाचं बी स्वतःला मातीत पेरून घेतं.

हाच गुण अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लाइनिंग याओ यांच्या गटानं लाकडात उतरवला. ओकच्या पातळ पट्ट्या पिळून त्यांनी बियाण्याचा वाहक केला, त्याला एकाऐवजी तीन शेपट्या दिल्या आणि २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. सपाट जमिनीवर पडलेल्या वाहकांपैकी सुमारे ८० टक्के स्वतःहून मातीत शिरले. तीन शेपट्या अशासाठी की एक शेपटी सपाट जागेवर लोळत राहते, तीन मात्र बी उभं धरतात. उद्या उजाड डोंगरउतारांवर वरून बी टाकायचं झालं, तर ही युक्ती उपयोगी पडेल.

याच गटानं सपाट पास्ताही केला. पिठाच्या पट्टीवर एका बाजूला बारीक चऱ्या पाडायच्या; उकळत्या पाण्यात ती ठरल्याप्रमाणे वळते. पाकिटात हवा कमी, माल जास्त.

भराभर आणखी काही

वॉशिंग्टन विद्यापीठात श्याम गोल्लाकोटा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वाय-फायशी बोलणारं प्लास्टिक छापलं. दातेरी चाक फिरलं की दात एका कळीला ठोकर देतात, कळ तांबं मिसळलेल्या प्लास्टिकच्या अँटेनाला चिकटते-सुटते आणि हवेतल्या वाय-फाय लहरी त्या तालावर परावर्तित होतात. दातांची मांडणी म्हणजेच संदेश. त्यांनी असा वाऱ्याचा वेग मोजणारा आणि पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर बनवला. वाय-फाय जवळपास असावं लागतं, पण मीटरला स्वतःला सेल लागत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत मायकेल टॉली यांच्या प्रयोगशाळेनं सहा पायांचा मऊ रोबो छापला, पूर्ण प्लास्टिकचा. प्रिंटरवरून काढायचा, दाबाखालच्या वायूची छोटी टाकी जोडायची, की तो चालू लागतो. पायांची लय हवेच्या झडपांतूनच ठरते.

आयकियाच्या इस्रायल शाखेनं २०१९ मध्ये तिथल्या दोन संस्थांबरोबर अपंग व्यक्तींसाठी १३ जोड-वस्तूंच्या फाइली मोफत ठेवल्या. सोफ्याचे पाय उंच करणाऱ्या बैठका, कपाटाला कोपरानं उघडता येईल अशी मूठ, दिव्याचं मोठं बटण. जुनं फर्निचर तेच, त्यावर थोड्याशा प्लास्टिकची भर.

कानात घालायच्या श्रवणयंत्राचं बाहेरचं कवच आता जवळजवळ सगळीकडे थ्रीडी प्रिंटरवरच बनतं, प्रत्येकाच्या कानाच्या साच्याप्रमाणे. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं हे खरं, पण कान दुखतो की नाही हे कवच ठरवतं.

आणि २०२० च्या टाळेबंदीत मास्कच्या दोऱ्यांनी परिचारिकांचे कान सोलवटले, तेव्हा कॅनडातल्या एका बारा वर्षांच्या स्काऊट मुलानं डोक्यामागे अडकवायची पट्टी आखून फाइल खुली केली. दोन्ही टोकांना ओळीनं खाचा. डोकं लहान असेल तर आतली खाच, मोठं असेल तर बाहेरची. जगभरातल्या लोकांनी ती छापली.

चाड्यावरची मूठ

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं २०१६ पासून देशभरातल्या दहा हजार शाळांत टिंकरिंग लॅब दिल्या. त्यांत थ्रीडी प्रिंटर असतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. मराठवाड्यातल्या अशा लॅबमध्ये मुलांनी काय छापावं, याचं उत्तर मला शिवारात दिसतं.

तिफणीनं पेरताना चाड्यावर मूठ धरणं ही कला आहे. बोटांच्या फटींतून दाणा किती सोडायचा हे हाताला कळावं लागतं. पुष्कळ घरांत हे काम बायकांचं. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात त्या मुठीची जागा एका चकतीनं घेतली. चकतीला कडेनं खाचा किंवा भोकं असतात, प्रत्येकात एक दाणा बसतो, चकती फिरली की तो खाली पडतो. सोयाबीनची चकती वेगळी, हरभऱ्याची वेगळी, तुरीची वेगळी. बारीक वाणाला मोठ्या भोकाची चकती लावली तर दोन-दोन दाणे पडतात आणि महागडं बियाणं वाया जातं. ठोकळ दाणा लहान भोकात अडकला तर तास रिकामं जातं.

हे गणित आठवीच्या मुलांना येतं. घरून मूठभर बियाणं आणायचं, शंभर दाणे कॅलिपरनं मोजायचे, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दाणा टिपून ठेवायचा, सरासरी काढायची. भोक मोठ्यात मोठ्या दाण्याहून किंचित मोठं, पण दोन लहान दाणे एकदम मावणार नाहीत एवढंच. दोन दाण्यांतलं अंतर किती हवं त्यावरून भोकांची संख्या. हे आकडे ओपनस्कॅडमध्ये भरायचे. चाचणीसाठी छोटी चकती काही तासांत छापून होते. ती हातानं फिरवायची, पन्नास फेऱ्यांत किती भोकं रिकामी गेली आणि किती वेळा दोन दाणे पडले ते फळ्यावर लिहायचं, भोक अर्ध्या मिलिमीटरनं कमी-जास्त करायचं आणि पुन्हा छापायचं. मृगाच्या आधी मे महिन्याची सुट्टी असतेच.